एकच पांढरा दात

माझा दात मोडला तो उसानं, आणि तोही भर वर्गासमोर.

चौथीची मुलं घेऊन आम्ही गुऱ्हाळ बघायला गेलो होतो. आमच्याकडच्या पोरांना गुऱ्हाळ काय दाखवायचं? निम्मी तिथंच वाढलेली. पण सहल काढायची असं ठरलं होतं आणि चालत जाऊन येता येईल असं दुसरं ठिकाण नव्हतं. गुऱ्हाळवाल्यानं पोरांच्या हातात एकेक ऊस दिला आणि बघता बघता सगळी दातांनी साल ओढायला लागली. मी आपली पदर सावरत बाजूला उभी. तेवढ्यात एका पोरीनं विचारलं, "बाई, तुमाला दातानं सोलता येतोय काय ओ?"

मी निपाणीकडची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, बाप दुसऱ्याच्या रानात. ऊस सोलता येतो का, असं मला कुणी विचारावं? मला रागच आला. मी तिच्या हातातला ऊस घेतला आणि दात घातला तो नेमका पेराच्या गाठीवर. कट्ट करून आवाज आला. मला वाटलं साल निघाली. जिभेवर खडा लागला म्हणून हातावर घेतला, तर तो माझा दात होता. वरचा, मधल्या दोन दातांच्या डाव्या बाजूचा, तिरका तुटलेला.

पोरं माझ्या हाताकडं बघायला लागली. गुऱ्हाळवाला म्हणाला, "पेराला दात लावत्यात व्हय बाई? कांडं धरायचं असतंय."

मी पदर तोंडाला लावला. दात तुटल्यावर कुणीही लावेल. पण माझ्या मनात तेव्हा वेगळंच आलं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. मला वाटलं, आता कुणीतरी माझ्या तोंडात दिवा लावून बघणार.

मी मशेरी लावत होते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, हातावर चुरायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासायची. आमच्या माहेरी सगळ्या बायका लावायच्या. लहानपणी माझी दाढ दुखली तेव्हा अव्वानंच, म्हणजे माझ्या आईनं, बोटभर घेऊन माझ्या हिरडीला लावली होती. डोकं गरगरलं, दाढ दुखायची थांबली, आणि मशेरी कायमची लागली. डी.एड. झाले, नोकरीला लागले, पण सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही आणि डोकं चालायचं नाही.

लग्न होऊन मी गडमुडशिंगीला आले ती अशा घरात, ज्याच्या दारावर पाटी होती: हे घर व्यसनमुक्त आहे. पाटी यजमानांनी स्वतः रंगवलेली. ते वर्कशॉपमध्ये नोकरीला, आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीत दारू, गुटखा सोडवण्यासाठी घरोघर फिरणारे. मला बघायला आले तेव्हा बोलण्यात पहिलं वाक्य तेच होतं, की आमच्या आईनंसुद्धा मशेरी सोडली. सासूबाईंनी ती विहारात, सगळ्यांसमोर सोडली होती. उभं आयुष्य लावलेली मशेरी. डबी बुद्धमूर्तीसमोर ठेवली आणि परत हातात घेतली नाही. नंतर कित्येक दिवस डोकं बांधून पडून होत्या, म्हणे. हे सगळं ते अभिमानानं सांगत होते आणि मी मान खाली घालून ऐकत होते. त्या सकाळचीच चव माझ्या हिरडीला होती.

तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मग सांगायची वेळ कधीच आली नाही.

फोटोच्या रोलची एक काळी डबी होती माझ्याकडे, करड्या झाकणाची. न्हाणीतल्या कोनाड्यात शिकेकाईच्या डब्यामागं ती ठेवायची. भाजायची सोय अर्थातच सासरी नव्हती. मशेरी भाजली की चार घरांना ठसका लागतो. ती अव्वा भाजून द्यायची, मी माहेरी गेले की घेऊन यायची. पहाटे घरात सगळ्यांच्या आधी उठायचं, न्हाणीचं दार लावायचं, लावायची, चूळ भरायची, वर पेस्टनं ब्रश करायचा, वरून वेलदोडा. सून लवकर उठते म्हणून सासूबाई शेजारणींना कौतुक सांगायच्या. "आमची सून मास्तरीण हाय. तिच्या तोंडात कवा सुपारी बगिटली न्हाय." मला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा न्हाणीत.

आणि यावर कडी म्हणजे रविवार. दर रविवारी विहारात वंदनेला मी पुढं उभी राहायची. शिकलेली सून, उच्चार स्पष्ट, म्हणून मलाच सांगितलेलं. पांढरी साडी नेसून मी त्रिशरण आणि पंचशील म्हणायची आणि मागून सगळ्या बायका म्हणायच्या. पाचवं शील व्यसनापासून दूर राहण्याचं. तेही मी खणखणीत म्हणायची. सासूबाई पहिल्या ओळीत, माझ्यासमोरच असायच्या. त्यांचा आवाज तसा मोठा, चौथ्या शीलापर्यंत सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. पाचव्याला मात्र त्यांचे नुसते ओठ हलायचे. मला वाटायचं, म्हातारपण, दम पुरत नसेल. तसं एकदा मी यजमानांना म्हणालेही.

दात मोडल्यावर यजमानांनी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि मला बसनं कोल्हापूरला घेऊन गेले. दातांची डॉक्टरीण राजारामपुरीत होती, वयानं माझ्याएवढीच. ती खुर्ची मी पहिल्यांदा पाहिली. माणूस बसतो आणि बसल्या बसल्या आडवा होतो. वर दिवा. यजमान बाजूलाच स्टुलावर, मला धीर द्यायला. मला वाटत होतं त्यांनी बाहेर जावं, पण तसं म्हणायचं तरी कसं?

डॉक्टरीणबाईंनी आरसा तोंडात घातला, मोडका दात बघितला आणि मग तो आरसा बाकीच्या दातांवरून सावकाश फिरवला. आतल्या बाजूनंसुद्धा. मी छताकडं बघत होते.

"तंबाखू, मशेरी काही?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडात त्यांचं बोट, म्हणून मला बोलता येत नव्हतं, ही माझी मोठी सोय झाली. यजमान हसून म्हणाले, "छे हो डॉक्टर. आमच्या घरात तसलं काही चालत नाही. आम्ही दुसऱ्यांची सोडवतो."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी डोळे मिटले. त्या क्षणी जमीन दुभंगावी असं नाही वाटलं, कारण मी जमिनीवर नव्हतेच, आडवी टांगलेली होते. पण ते डोळे मिटणं माझ्या पक्कं लक्षात आहे. माझं उत्तर त्यांना त्यातच मिळालं.

"पाणी कडक असेल तुमच्याकडं," त्या यजमानांना म्हणाल्या. "कधीकधी डाग पडतात. तुम्ही जरा बाहेर बसता का? इंजेक्शन द्यायचंय."

ते गेल्यावर त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. कामाचंच सांगितलं. दात मज्जेपर्यंत तुटलाय, आधी रूट कॅनॉल करावं लागेल. मग उरलेला दात सगळ्या बाजूंनी घासून बारीक करायचा, त्याचं माप घ्यायचं आणि वर कॅप बसवायची. चार-पाच खेपा होतील. दुखणार नाही, फक्त कंटाळा येईल.

ते खरं होतं. इंजेक्शनची सुई तेवढी लागली, मग वरचा ओठ आणि नाकाचा शेंडा परका झाला. बारीक सुया दातात घालून त्या आतून साफ करत होत्या आणि मला नुसती करकर ऐकू येत होती. घरी येताना बसमध्ये मला ओठ आहे की नाही तेच कळत नव्हतं. सासूबाईंनी गरम भात मऊ कालवून दिला. "दुखतंय काय गं?" म्हणाल्या. "मला सांगायचं हां. चोरून सोसायचं न्हाय काय." मी मान हलवली.

पुढच्या खेपांना यजमान आले नाहीत, मी एकटीच जायची. दात घासायच्या दिवशी मशीनचा आवाज आणि जळक्या शिंगासारखा वास. पाणी उडत होतं, बाजूची मुलगी नळीनं ते ओढून घेत होती. संपल्यावर मी जीभ लावून बघितली, तर दाताच्या जागी लहानशी खुंटी. मग एका पत्र्याच्या साच्यात गुलाबी लगदा भरून तो वरच्या दातांवर दाबून धरला. घशाकडं उतरतोय असं वाटून मला उमासा आला. "नाकानं श्वास घ्या, पायाचे अंगठे हलवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी अंगठे हलवले. का ते माहीत नाही, पण उमासा थांबला. लगदा घट्ट झाल्यावर त्यांनी तो ओढून काढला आणि त्यात माझे सगळे दात उलटे उमटलेले दिसले. मला ते बघवेना.

त्या खुंटीवर त्यांनी तात्पुरती प्लॅस्टिकची कॅप लावून दिली. ती तिसऱ्या दिवशी भाकरीत निघून आली, आणि नेमका रविवार. खुंटी झाकायला काही नाही. विहारात मी पुढं उभी राहिले आणि प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजायला लागली. पंचशीलात 'स' किती आहेत ते मला त्या दिवशी कळलं. मागच्या रांगेत पोरी पदरात तोंड घालून हसत होत्या. मला मात्र त्या शिट्टीची लाज नव्हती वाटत. तोंडावर पदर धरायला अधिकृत कारण मिळालं होतं. तो महिना माझा त्या मानानं सुखाचा गेला.

रंग जुळवायच्या दिवशी मात्र सुटका नव्हती. कासाराकडं नमुन्याच्या बांगड्या असतात तशी डॉक्टरीणबाईंकडं दातांची पट्टी होती, पांढऱ्यापासून पिवळट, करड्यापर्यंत. ती पट्टी त्यांनी माझ्या दातांशी धरली. एकेक दात लावून बघितला. पट्टी संपली. माझ्या दातांएवढा काळपट दात त्यात नव्हताच.

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "आता मी सरळ बोलते," त्या म्हणाल्या. "रागावू नका. मशेरी आहे ना?"

मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हो म्हटलं, आणि ती एक परकी बाई होती. मला रडू आलं. नाक ओढत मी म्हणाले, "घरी कळता कामा नये."

"मी कशाला सांगू?" त्या म्हणाल्या. "पण कॅप सांगेल. हे नीट ऐका. आज मी तुमचे दात साफ करते आणि साफ दातांना जुळेल असा रंग मिरजेच्या लॅबला कळवते. कॅप चिनी मातीची असते, तिच्यावर मशेरीचा डाग बसत नाही. तुम्ही लावत राहिलात तर बाकीचे दात परत काळे होतील. हा एक पांढराच राहील. आत्ता ठरवा."

मी ठरवलं. त्या खुर्चीत आडवं पडून, दातांवरचं वर्षानुवर्षांचं कीट खरवडलं जात असताना, थुंकदाणीत काळं पाणी पडत असताना मी अगदी मनापासून ठरवलं. घरी जाऊन डबीतलं सगळं न्हाणीच्या मोरीत ओतलं. डबी मात्र धुऊन ठेवली. डबी का ठेवली, हे मी स्वतःला विचारलं नाही.

कॅप आली. डॉक्टरीणबाईंनी ती आधी नुसती घालून बघितली, निळा कागद दातांत धरून चावायला लावलं, जिथं निळं उमटलं तिथं घासलं, पुन्हा चावायला लावलं. मग आंबटसर चवीचं सिमेंट भरून बसवली आणि कापूस दाबून धरायला सांगितला. ऊस, चिक्की, हाडूक या दातानं फोडायचं नाही. हिरडीच्या कडेनं रोज ब्रश फिरवायचा. मग आरसा हातात दिला. मी बघत राहिले. कोणता दात खोटा ते मलाच ओळखता येईना. शाळेत मी उगीच हसत होते. यजमान म्हणाले, "दात बदलल्यापासनं तुझा चेहराच बदलला."

काही महिने असे गेले. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, पोरांच्या पाठीत धपाटे बसायचे, पण निभलं. मग दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले. अव्वानं चुलीवर तवा टाकला. तो वास घरभर पसरला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. अव्वा बोट पुढं करून म्हणाली, "तुला नको गं?" मी नको म्हणाले. मग रात्रभर तळमळत पडले आणि सकाळी तिच्या आधी उठून तिच्या डबीतली लावली. येताना रोलची डबी भरून आणली. आपलं काय चाललंय हे मला कळत होतं, आणि कळत असूनही मी ते करत होते. माणसाला स्वतःचा तिटकारा येतो म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. आधी दातांच्या फटी काळवंडल्या, मग कडा, मग सगळे दात. कॅप तशीच, लख्ख. पहिल्यांदा ते शाळेत कळलं. आरोग्याचा पाठ होता, दात कसे घासावेत ते मी दाखवत होते. पहिल्या बाकावरची पोर माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मग तिनं निरागसपणे विचारलं, "बाई, तुमी एकच दात घासताय काय ओ?"

वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं, ओठ मिटून. त्या दिवसापासून मी ओठ मिटूनच हसायला शिकले.

सोडण्याऐवजी मी काय केलं ते सांगायची आता लाज वाटते. मी ती कॅप काळी करायला बघितली. मशेरी त्या एका दातावर जास्त वेळ दाबून धरली. काळा चहा तोंडात धरून ठेवला. पानवाल्याकडून कात आणून पाण्यात कालवून लावला. हळद लावली, आवळकाठी लावली. हिरडी सोलवटली, ओठ रंगले, कॅपला काही म्हणजे काही झालं नाही. कात चुळीसरशी धुऊन जायचा आणि आत ती पुन्हा पांढरीशुभ्र.

शेवटी मी राजारामपुरीला गेले. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "ही काढा आणि बाकीच्यांच्या रंगाची द्या."

त्या हसल्या नाहीत. "लोक माझ्याकडं पांढरी मागायला येतात," त्या म्हणाल्या. "काळी मागायला तुम्ही पहिल्याच. करून देता येईल. पण पुढच्या वर्षी बाकीचे अजून काळे होतील. मग परत यायचं का?" मी पर्स उचलली आणि जिना उतरले. खाली उतरल्यावर बराच वेळ कुठल्या बाजूला जायचं तेच मला सुचेना.

यजमानांच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्यांच्या घरांत डोकावणाऱ्या माणसाला आपल्या बायकोचे दात दिसत नाहीत, असं मी मनाशी म्हणायची. त्यातही थोडा त्यांच्यावर राग, थोडी माझी सुटका. मला भीती होती ती सासूबाईंची. त्यांना कळलं तर त्यांचं ते कौतुक, ती पाटी, विहारात सगळ्यांसमोर ठेवलेली डबी, सगळं मी एका दातानं खोटं ठरवणार होते.

एका रविवारी सकाळी वंदनेला जायच्या आधी मी परसात लिंबाच्या झाडाला अडकवलेल्या आरशासमोर उभी होते. शेवटचा उपाय म्हणून चुलीतली काजळी तेलात कालवून कॅपवर लावत होते. यजमान पुढं विहारात सतरंज्या घालायला गेलेले. मागं पावलांचा आवाज आला. मी ओठ मिटले, पण बोट काळं होतं.

सासूबाई पांढरी साडी नेसून उभ्या होत्या. त्यांनी माझ्या बोटाकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"त्यो न्हाय व्हायचा काळा," त्या म्हणाल्या. "किती घाशील?"

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ दे. मला म्हाईत हाय."

"कधीपासनं, आत्या?" मी विचारलं. सासूबाईंना मी आत्याच म्हणायची.

"तू लगीन हून आलीस, दुसऱ्या दिवशी न्हाणीत गेले, तवाच वास आला. जलमभर लावलीया मी. मला कळायचा न्हाय व्हय वास?"

मी तिथल्याच दगडावर बसले. इतकी वर्षं पहाटे दार लावून, वेलदोडे चघळून मी जे झाकत होते ते पहिल्याच दिवशी उघडं होतं. "मग बोलला का नाही?" मी विचारलं. खरं तर विचारायला मला तोंड नव्हतं.

त्या माझ्याशेजारी टेकल्या. साडी खराब होईल याचीसुद्धा त्यांना शुद्ध नव्हती. "काय बोलू? तू शिकलेली, पोरास्नी शिकवणारी. तुला बोलायचं तर मला आदी माजं सांगाय लागलं असतं." मग म्हणाल्या, "मी सोडली तवा घरात कुनाचीच नव्हती. म्हून सुटली. मंग तू आलीस. रोज सकाळी न्हाणीत त्यो वास. तू साळंला गेलीस की मी डबी काढायची. झाकन उघडून हुंगायची, परत ठेवायची. लई दिस नुसतं हुंगलं. मंग एक दिस बोट घातलं."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या लिंबाच्या झाडाकडं बघत होत्या.

"रोज न्हाय. कवामवा. पर घातलं. पोरगा दारावर पाटी पुसून लखलखीत करतोय आन् आत आई सुनंच्या डबीतली चोरतीया." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तवापासनं विहारात पाचवं आलं की माजा आवाजच बसतोय. बुद्धासमोर ठेवलेली वस्तू परत घेतली मी. खोटं कशाला म्हनू? नुसतं त्वांड हलवते. तू समोर उभारून म्हनतियास, एवढ्या मोठ्यांदा, मला वाटायचं, हिला कसं जमतंय?"

त्या रागानं बोलल्या असत्या तर मी सोसलं असतं. टोमणाही नव्हता. त्यांना खरोखरच तो प्रश्न पडलेला होता. आणि मी यजमानांना सांगितलं होतं की आत्यांचा दम पुरत नाही.

मी उठले, न्हाणीत गेले, शिकेकाईच्या डब्यामागची डबी घेतली आणि बाहेर आणून त्यांच्यासमोर परसातल्या पेटत्या चुलीत टाकली. प्लॅस्टिकचा घाण वास सुटला, आत मशेरी जळाली, आम्हा दोघींनाही ठसका लागला. खोकून खोकून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच ठसक्याचं होतं असं मी म्हणणार नाही.

विहारात गेल्यावर मी यजमानांना म्हणाले, आज मी पुढं उभी राहणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी सांगा. त्यांनी का म्हणून विचारलं. मी म्हणाले, घरी गेल्यावर सांगते, सगळं सांगते. आणि जाऊन सासूबाईंच्या शेजारी बायकांच्या ओळीत उभी राहिले. माझ्या दाताला अजून काजळी होती. अंगणवाडीची मदतनीस पुढं उभी राहिली, बिचारी घाबरत घाबरत म्हणायला लागली. पहिलं झालं, दुसरं, तिसरं, चौथं. मीही म्हणत होते.

पाचवं आलं. माझ्या घशातून आवाज निघेना. ओठ हलवावेत, तर तेही हलेनात. आणि माझ्या डाव्या बाजूनं, मागच्या सगळ्या बायकांच्या वर, सासूबाईंचा आवाज आला. घोगरा, अडखळलेला, पण शेवटच्या शब्दापर्यंत पुरता.